खोडरबराची खूण

पुण्यातल्या एका शाळेत मी सातवीला विज्ञान शिकवीत असे. एकदा चंचुपात्रात पाणी तापत ठेवले आणि तापमापीचे आकडे टिपायला सांगितले. वह्या आल्या. प्रत्येकीत पाणी नेमके १०० अंशांना उकळलेले! एका वहीत मात्र त्या शंभराखाली पुसलेले ९८ अंधूक दिसत होते.

"पुस्तकात शंभर आहे ना बाई," ती मुलगी म्हणाली.

खरे तर तिचेच बरोबर होते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. हवेचा दाब कमी, म्हणून इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. महाबळेश्वरला तर त्याहून दोनेक अंश आधी. हे मला ठाऊक होते. तरी आदल्या वर्षी असाच एक ९८ मी वह्या तपासण्याच्या घाईत लाल शाईने खोडला होता. मुले असले विसरत नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून प्रयोगाच्या तासाला खोडरबर बंद. चुकले तर एकच आडवी रेघ. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. पानाचे दोन भाग: 'काय दिसले' आणि 'काय वाटले'. (वह्या घाण दिसतात, अशी पालकांची तक्रार आली. दिसतात खऱ्या!)

पुढच्या वेळी आकडे आले ९७, ९८ आणि एक ९१. त्या ९१ वर अर्धा तास वाद रंगला. शेवटी उलगडा शेजारच्या मुलाच्या वहीत सापडला. 'काय दिसले'खाली त्याने लिहिले होते: 'याने तापमापी पाण्याबाहेर काढून वाचली.'