सर्किटच्या पाटीलाही कल्हई!

पितळेच्या पातेल्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे कोकणातल्या घरात कोणाला सांगावे लागत नाही. म्हणून पूर्वी कल्हईवाल्याची हाक कानी आली, की घरातली भांडी अंगणात येत. कल्हईवाला भात्याने निखारे फुलवी, भांडे तापवी, त्यात नवसागराची पूड टाकी, कथलाची कांडी टेकवी आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने सगळीकडे फिरवी. काळपट भांडे रुप्यासारखे चकाकू लागे.

रेडिओ, टीव्ही, मोबाइल यांच्या पोटातल्या तांब्यालाही अशीच कल्हई करावी लागते. मात्र ती कोणत्या धातूची करावी, याचा तेथे बराच विचार करावा लागतो. तो कसा, ते आता पाहू.

तांब्याची अडचण

एखादा निकामी रेडिओ उघडून पाहा. आत बहुधा एक हिरवी पाटी दिसेल. हिला पीसीबी म्हणजे मुद्रित मंडल म्हणतात. या पाटीवरील तांब्याच्या रेषा म्हणजेच विजेच्या वाटा होत. त्यांची जाडी बहुधा ३५ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण निम्मी असते. हिरवा लेप या रेषांचे रक्षण करतो. पण जेथे सुटे भाग डाखाने जोडायचे असतात, तेथे लेप देता येत नाही. तेवढे तांबे उघडे राहते.

चांदीच्या खालोखाल तांबे हे विजेचे उत्तम वाहक आहे. परंतु हवेत त्यावर ऑक्साइडचा थर चढतो. अशा थराला वितळलेला डाख चिकटत नाही. अळवाच्या पानावरील पाण्यासारखा तो गोळा होऊन घरंगळतो. एका वर्षी मी प्रयोगशाळेसाठी अशा पाट्या करवून घेतल्या आणि पावसाळाभर तशाच फळीवर ठेवल्या. रत्नागिरीची खारी, दमट हवा ती! गणपतीनंतर पाहतो, तर तांबे काळवंडलेले आणि कडांना हिरवट पूड. डाख काही केल्या धरेना. चूक माझीच होती.

नवसागर काय करतो?

नवसागर तापला की त्यापासून अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल वायुरूपात तयार होतात. आम्ल ऑक्साइड काढून टाकते आणि कथील स्वच्छ धातूला घट्ट धरते. पाटीवर मात्र नवसागर चालत नाही. मागे उरलेले क्लोराइड पुढे तांबे खात राहते. म्हणून तेथे राळेसारखा सौम्य पदार्थ वापरतात.

कल्हईचे चार प्रकार

पहिला प्रकार खऱ्या कल्हईच्या अगदी जवळचा. पाटी वितळलेल्या डाखात बुडवतात आणि गरम हवेच्या झोताने जादा डाख उडवून देतात. हा थर स्वस्त व टिकाऊ असतो, पण सपाट नसतो. त्यामुळे तांदळाच्या कणीहून लहान भाग त्यावर नीट बसत नाहीत. पूर्वीच्या डाखात ६३ भाग कथील व ३७ भाग शिसे असे. तो १८३ अंश सेल्सियसलाच वितळे. पण शिसे विषारी असून मुलांच्या मेंदूला फार घातक असते. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून नव्या उपकरणांतील शिशावर बंधन घातले. भारतानेही २०११ च्या ई-कचरा नियमांत तशी मर्यादा घातली. बिनशिशाच्या डाखाला मात्र ३५ ते ४५ अंश अधिक उष्णता लागते.

दुसरा प्रकार म्हणजे तांब्यावर सेंद्रिय रसायनाचा, अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असा थर देणे. हा स्वस्त आणि सपाट असतो. पण हाताच्या घामाने तो बिघडतो आणि फार काळ टिकत नाही.

तिसरा प्रकार चांदीचा. चांदीवर डाख छान बसतो, पण गंधकाशी तिचे वैर! आपल्या खाडीच्या काळ्या चिखलाला कुजक्या अंड्यांसारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. त्याने चांदी काळी पडते.

चौथा प्रकार सोन्याचा. सोने गंजत नाही. परंतु ते थेट तांब्यावर चढवले, तर तांब्याचे अणू हळूहळू त्यातून वर येतात. म्हणून मध्ये ३ ते ६ मायक्रॉन निकेलची भिंत घालतात. वर सोने एक दशांश मायक्रॉनहूनही कमी पुरते. ही पाटी सपाट असते आणि पुष्कळ दिवस टिकते, पण महाग पडते.

मग निवड कशी करावी?

सर्वांत चांगली कल्हई अशी कोणतीच नाही. काम पाहून ती ठरवावी लागते. कारखान्यात पाटी तयार होताच भाग जोडायचे असतील, तर सेंद्रिय थर पुरतो. मोठे भाग हाताने जोडायचे असतील, तर डाखाचा थर बरा. बारीक भागांना आणि दीर्घकाळ साठवणीला निकेलवरचे सोने योग्य. जेथे पाटी वारंवार खोबणीत घालायची व काढायची असते, तेथे सोने अधिक जाड व कठीण लागते.

पण मासेमारी होडीतल्या यंत्राला नुसते सोनेही वाचवू शकत नाही. पातळ सोन्यात सूक्ष्म छिद्रे असतात. खारे पाणी आत शिरले, की खालचा धातू उलट लवकर झिजतो, कारण दोन धातू व खारे पाणी मिळून एक छोटा विद्युतघटच तयार होतो! म्हणून भाग जोडून झाल्यावर सगळ्या पाटीवर वार्निशासारखा लेप देतात. समुद्रावर यंत्र बंद पडले, तर खलाशांच्या जिवाशी गाठ असते.

करून पाहा

तांब्याच्या तारेचे दोन तुकडे काचकागदाने घासून चकचकीत करा. एकाला नखांचे पॉलिश लावा, दुसरा तसाच ठेवा. दोन्ही तुकडे खिडकीत टांगून रोज मिठाचे पाणी शिंपडा. आठ-दहा दिवसांनी पॉलिश खरवडून दोन्ही तुकडे शेजारी ठेवा. तांब्याला पांघरूण का हवे, ते तुमचे तुम्हालाच दिसेल.