किनाऱ्यावरचा उन्हाळा : घाम वाळत नसेल तर सावध व्हा

विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो, मुंबई-कोकणात ३५-३६ वर थांबतो. म्हणून इकडे उष्माघाताची भीती नाही, असा आपला समज असतो. तो खोटा आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर भरदुपारी झालेल्या जाहीर कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ माणसे दगावली. पारा तेव्हा ४० च्या आतच होता.

असे का होते?

घाम आल्याने नव्हे, तर घाम वाळल्याने शरीर थंड होते. समुद्राकाठच्या हवेत आधीच बाष्प भरलेले असते. त्यामुळे घाम निथळतो, पण वाळत नाही. अंगातले पाणी आणि मीठ जाते, थंडावा मात्र मिळत नाही. म्हणूनच हवामान खाते मैदानी भागात ४० अंशांपासून, तर किनारपट्टीवर ३७ अंशांपासूनच उष्णतेच्या लाटेचा विचार करते.

वस्तीत यात पत्र्याची भर पडते. दिवसभर तापलेल्या पत्र्याखाली एकाच खोलीत स्वयंपाक आणि झोप. रात्रीही शरीराला विसावा मिळत नाही. म्हातारी माणसे, तान्ही बाळे, गरोदर बाया, बीपी-शुगरचे आणि हृदयाचे रुग्ण यांना घरात बसूनही उष्माघात होऊ शकतो.

घरात काय करावे?

• पत्र्याला बाहेरून पांढरा चुना मारा. खर्च थोडा, फरक मोठा.
• दमट हवेत कूलरचा उपयोग कमी. बंद खोलीत तो दमटपणा वाढवतो. त्यापेक्षा दार-खिडकी उघडी ठेवा, अंग ओल्या फडक्याने पुसा आणि पंख्याखाली बसा.
• स्वयंपाक सकाळी लवकर उरका.

कामावर काय करावे?

‘दुपारी १२ ते ४ बाहेर पडू नका’ हे सांगणे सोपे आहे. नाक्यावरच्या मजुराला, सफाई कामगाराला, कचरा वेचणाऱ्या ताईला ते परवडत नाही. त्यांनी जड काम सकाळी आटोपावे, डोक्याला ओले फडके बांधावे, थोड्या थोड्या वेळाने सावलीत टेकावे आणि तहानेची वाट न बघता पाणी प्यावे. पाणी, सावली आणि सुट्टी मुकादमाकडे मागणे यात लाज नाही, तो आपला हक्क आहे.

अनेक आया-बहिणी सार्वजनिक संडास लांब आहे, रांग आहे म्हणून मुद्दाम पाणी कमी पितात. उन्हाळ्यात ही सवय जिवावर बेतते. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडते आहे, असे समजा.

खूप घाम गेला तर ओआरएस घ्या. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवा. ताक, पेज, पन्हेही चालते. बीपी, हृदय किंवा किडनीच्या रुग्णांनी मीठ आणि पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे. दारू टाळावी.

धोका कसा ओळखावा?

डोके दुखणे, चक्कर, मळमळ, पायात गोळे येणे ही पहिली सूचना. काम थांबवून सावलीत झोपा, पाणी प्या. माणूस असंबद्ध बोलू लागला, झटके आले, शुद्ध हरपली, अंग तापून भाजू लागले तर तो उष्माघात. अशा वेळी अंगाला घाम असला तरी फसू नका.

ताबडतोब १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, मान, काखा आणि जांघेत ओली फडकी ठेवा, वारा घाला. बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवा, तोंडात पाणी घालू नका. तापाच्या गोळीने हा ताप उतरत नाही.

वळवाचा पाऊस

मे महिन्यात उकाड्यापाठोपाठ वादळ येते. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला अशाच वाऱ्यात जाहिरातीचा फलक कोसळून १७ जण गेले. आभाळ दाटले की फलक, झाड, जुनी भिंत यांपासून दूर व्हा. पत्र्याच्या खिळ्या आणि हुक मे उजाडण्याआधीच तपासा. गडगडाट ऐकू आला तर मैदान आणि समुद्रकिनारा सोडा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास आत थांबा. तुटलेल्या वायरला हात लावू नका.

वस्तीने मिळून करावे असे

दुपारी विहार किंवा समाजमंदिर उघडे ठेवावे, तिथे पंखा आणि पिण्याचे पाणी असावे. भीमजयंती आणि बुद्धपौर्णिमेची मिरवणूक ऊन उतरल्यावर काढावी, वाटेत पाण्याची सोय करावी. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचे दार दिवसातून दोनदा तरी वाजवावे. या आठवड्यातच मंडळाने अशा घरांची यादी करावी आणि कोणते दार कोणी वाजवायचे, हे ठरवून टाकावे.