ताई ची आणि आयकिडो: समोरचा खरंच पडतो की पाडून घेतो?

एक रील येतं. काळ्या घेरदार पायजम्यातला माणूस नुसतं मनगट फिरवतो आणि समोरचा कोलांटी खाऊन आडवा. पुढच्या रीलमध्ये दोघं मनगटाला मनगट लावून जात्यावर दळल्यासारखे हात फिरवतायत, अचानक एक जण तीन पावलं मागे जातो. खाली कमेंट ठरलेली: सगळं नाटक!

पहिलं जपानचं आयकिडो. दुसरा चीनच्या ताई चीमधला जोडीने करायचा सराव, 'तुई शौ', म्हणजे ढकलणारे हात. दोन्हींत ताकदीला ताकदीने उत्तर द्यायचं नसतं, म्हणून लोक त्यांना एका माळेत बसवतात. पण दोन्हींचे नियम फार वेगळे आहेत.

तुई शौ समजायला सकाळची खोपोली लोकल आठवा. दोन्ही हातांत पिशव्या, धरायला काही नाही. केळवलीला गाडी थांबताना मागचा माणूस अंगावर येतो. ताठ राहिलात तर तोल गेलाच. कंबर जराशी वळवली की धक्का बाजूने निघून जातो. तुई शौमध्ये नेमकं हेच शिकतात. स्पर्श सुरुवातीपासून असतो आणि तो सुटू द्यायचा नाही. समोरचा कधी, कुठून जोर लावणार हे त्या स्पर्शातून ओळखायचं. याला ते 'ऐकणं' म्हणतात. तो जास्त पुढे झुकला की ढकलायचं. एका जागी उभं राहून करायच्या प्रकारात पाय हलला की हरलात. आधी हात ठरलेल्या क्रमाने फिरतात, पण पुढे मोकळा सराव सुरू झाला की कोण हलणार हे आधी ठरलेलं नसतं.

मोरिहेई उएशिबा (1883-1969) यांच्या आयकिडोत मात्र सुरुवात अंतरावरून होते. एक जण मनगट पकडायला किंवा डोक्यावर वार करायला येतो, दुसरा वाटेतून बाजूला होऊन त्याचा जोर वळवतो. कोण हल्ला करणार आणि कोण पडणार हे ठरलेलं असतं. नंतर भूमिका बदलतात. म्हणजे कमेंट अर्धी खरी आहे. पण 'कोटे-गाएशी'सारख्या डावात मनगट असं पिळलं जातं, की ताठ उभा राहिलेला माणूस सांधा दुखावून घेईल. ती कोलांटी त्याची सुटका असते. म्हणूनच हा डाव मित्रावर गंमत म्हणून करू नका. त्याला पडता येत नाही.

मग खरा प्रतिकार झाला तर? केन्जी तोमिकी यांनी आयकिडोत स्पर्धा आणली. एकाच्या हातात मऊ सुरी, दोघंही जिंकायला उतरलेले. तिथे रीलमधल्या उंच कोलांट्या क्वचितच दिसतात. तुई शौच्या स्पर्धाही बऱ्याचदा आपल्या कुस्तीच्या जवळ जातात. 1952 मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांसमोर कुणी पडायचं ठरवून आलं नव्हतं, त्या जातीचा हा प्रतिकार.

2017 मध्ये चीनच्या छंगतूमध्ये एमएमए खेळणाऱ्या शू शियाओतोंगने ताई चीच्या एका शिक्षकाला काही सेकंदांत खाली पाडलं. तो व्हिडिओ जगभर फिरला. तिथे आधीपासून टेकवलेलं मनगट नव्हतं, थेट ठोसे होते. त्या शिक्षकाचा दावा त्या दिवशी उघडा पडला, यात वाद नाही. मात्र तुई शौमधून तोल सांभाळायला शिकता येतं की नाही, हे तपासायची ती लढत नव्हती.

आयकिडोच्या वर्गात गेलात तर सुरुवातीचे बरेच दिवस कुणाला फेकण्यापेक्षा स्वतः गादीवर नीट पडण्यातच जातात.