स्प्रेडशीट फाइल : जतन, नामकरण व प्रती

ओळी व स्तंभ यांच्या चौकटींत आकडे, मजकूर व सूत्रे मांडून संगणकावर तयार केलेले कोष्टक ज्या स्वरूपात कायम साठविले जाते, त्यास स्प्रेडशीट फाइल म्हणतात. डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांनी अ‍ॅपल-२ या संगणकासाठी केलेला ‘व्हिसिकॅल्क’ हा या प्रकारचा आद्य कार्यक्रम १९७९ मध्ये विक्रीस आला. पुढे लोटस १-२-३ (१९८३) व मायक्रोसॉफ्ट एक्सेल (१९८५) हे कार्यक्रम रूढ झाले.

काम चालू असताना कोष्टक संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत असते. वीज गेल्यास ते नष्ट होऊ शकते. ‘सेव्ह’ ही आज्ञा दिल्यावर त्या क्षणीची स्थिती त्याच नावाच्या फाइलीत लिहिली जाते व तेथील आधीच्या मजकुराची जागा घेते. ‘सेव्ह अ‍ॅज’ या आज्ञेने मात्र नव्या नावाची फाइल निर्माण होते. मूळ फाइल शेवटच्या जतनाच्या वेळी होती तशीच राहते आणि पडद्यावर यापुढे नवी फाइल उघडी असते. गेल्या वर्षीच्या अंदाजपत्रकावरून चालू वर्षाचे तयार करावयाचे झाल्यास आधी ‘सेव्ह अ‍ॅज’ व नंतर फेरफार हाच क्रम योग्य होय. उलट क्रमात सवयीने एकदा ‘सेव्ह’ झाले, की जुने आकडे गेले. वनड्राइव्हसारख्या दूरस्थ साठ्यावरील फाइलींत एक्सेल बदल आपोआप जतन करू शकते, त्यामुळे तेथे हा क्रम अधिकच महत्त्वाचा ठरतो.

जतन करताना निवडलेल्या प्रकारावर काय टिकेल व काय गळेल हे अवलंबून असते. सीएसव्ही प्रकारात केवळ चालू पानावरील मजकूर व मूल्ये राहतात; सूत्रे, रंग व इतर पाने जातात. जुन्या एक्सएलएस प्रकारात एका पानावर ६५,५३६ ओळी मावतात, तर २००७ पासूनच्या एक्सएलएसएक्स प्रकारात १०,४८,५७६. हा भेद केवळ तांत्रिक नाही. २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत प्रयोगशाळांकडून आलेली माहिती जुन्या प्रकारच्या फाइलींत भरली जात असता मर्यादेपलीकडील नोंदी गळाल्या आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ कोविड रुग्ण दैनिक आकडेवारीतून सुटले. रुग्णांना त्यांचे निष्कर्ष कळविले गेले होते; परंतु त्यांच्या संपर्कातील व्यक्तींचा शोध लांबला.

एमएस-डॉसमध्ये नावास आठ व प्रकारदर्शक प्रत्ययास तीन अक्षरांची मर्यादा होती. विंडोज ९५ पासून लांब नावे शक्य झाली. विंडोजमध्ये तिरप्या रेघा, अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारांकन इ. चिन्हे नावात चालत नाहीत. म्हणून आपल्याकडील ‘१५/६/२०२४’ ही तारीख तशीच लिहिता येत नाही. ‘जमाखर्च_२०२४-०६-१५’ असे वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहिल्यास फाइली कालानुक्रमे लागतात. एक्सेलमध्ये चौकोनी कंसही वर्ज्य आहेत, कारण सूत्रांत दुसऱ्या फाइलीचे नाव त्याच कंसांत लिहिले जाते. युनिकोडमुळे देवनागरी नावे चालतात. ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘अंतिम खरे’ अशी नावे कचेऱ्यांत सर्रास आढळतात. त्यांतील खरे अंतिम कोणते, हे काही महिन्यांनी करणाऱ्यालाही सांगता येत नाही.

प्रत काढल्यावर ती मूळ फाइलीपासून स्वतंत्र होते. एकीतील दुरुस्ती दुसरीत उतरत नाही. सूत्रांचे मात्र तसे नाही. एखादे सूत्र दुसऱ्या फाइलीतील आकडा घेत असेल, तर अन्यत्र नेलेली प्रत जुन्या फाइलीकडेच पाहत राहते किंवा ती न सापडल्याने पूर्वीचाच आकडा दाखविते. दुसऱ्यास केवळ निष्कर्ष द्यावयाचे असल्यास प्रतीतील सूत्रांऐवजी त्यांची मूल्ये चिकटवितात. सुरक्षिततेसाठी काढलेली प्रत त्याच संगणकावर ठेवल्यास यंत्र बिघडताच दोन्ही जातात. ती वेगळ्या साधनावर ठेवून अधूनमधून उघडून तपासावी लागते.