घाटाचा चढ आणि सरळ रेषा

मुंबईहून पुण्यास जातांना कर्जत स्टेशनांत पुष्कळ गाड्यांना मागून जादा इंजिनें लावतात, हें आमच्या वाचकांनीं पाहिलें असेल. सन १८६३ मध्यें खुल्या झालेल्या बोरघाटाच्या या लोहमार्गावर जास्तींत जास्त चढ ३७ फुटांस १ फूट आहे; म्हणजे ३७ फूट पुढें जातांना गाडी १ फूट वर चढते. चढलेल्या उंचीस आडव्या अंतरानें भागून जो अपूर्णांक येतो, त्यासच बीजगणितांत रेषेचा 'चढ' म्हणतात. येथें तो १/३७ होय.

आतां हा चढ कागदावर मांडूं. आरंभीं उंची २०० फूट आहे असें समजूं. पुढें गेलेलें आडवें अंतर क्ष फूट व तेथील उंची य फूट मानल्यास य = क्ष/३७ + २०० हें समीकरण मिळतें. क्ष = ० असतां य = २००; क्ष = ३७० असतां य = २१०; क्ष = ७४० असतां य = २२०. हे तीन बिंदू आलेखाच्या कागदावर मांडून पट्टी लावावी. तिन्ही एकाच रेषेंत येतील. रेषा काढण्यास दोन बिंदू पुरतात खरे. परंतु तिसरा हा आपल्या चुकीचा साक्षीदार असतो. तो रेषेबाहेर पडला कीं आकडेमोड पुन्हां तपासावी.

उलटपक्षीं, रेषा दिली असून चढ काढावयाचा असेल, तर तिजवरील कोणतेही दोन बिंदू घ्यावे. वरील पहिल्या दोहोंत उंचीचा फरक १० व अंतराचा ३७०, भागाकार १/३७. पहिला व तिसरा घेतल्यास २०/७४०, म्हणजे तेंच उत्तर. कोठेंही मोजा, चढ बदलत नाहीं. रेषा सरळ आहे याचा अर्थच हा.

आम्हां विद्यार्थ्यांच्या हातून दोन चुका वारंवार होतात. अपूर्णांक उलटा मांडला कीं चढ ३७ येतो, आणि बिचाऱ्या गाडीस एक फूट पुढें सरकण्यासाठीं सदतीस फुटांची भिंत चढावी लागते! वजाबाकीचा क्रम वर एक व खालीं दुसरा ठेवला कीं उत्तर ऋण येतें, आणि घाट चढणारी गाडी उतरूं लागते!

दोन्ही अक्षांस एकच माप घेतल्यास ही रेषा जवळजवळ आडवीच दिसते. डोळ्यांस न कळणारा हा चढ इंजिनास मात्र कळतो, आणि एका लहानशा भागाकारानें तो आम्हांसही कळतो. म्हणून आमच्या सोबत्यांनीं सूत्र पाठ करण्यापूर्वीं घाट आठवावा. आणि वडील मंडळींनीं पुढील प्रवासांत मुलांस खिडकीपाशीं बसवून रुळांलगतच्या खांबांवरील चढाचे आकडे दाखवावे, अशी आमची विनंती आहे.