चासी बदलते, क्रेन राहते

१९१६ साली अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, चॅटनूगा शहराजवळच्या ओढ्यात एक फोर्ड मॉडेल टी उलटी होऊन पडली. गॅरेजवाले अर्नेस्ट होम्स पाचसहा माणसं, दोर आणि पुल्या घेऊन गेले. गाडी बाहेर यायला आठएक तास लागले, असं सांगतात. या घामातून होम्स यांनी एक जुगाड केला. १९१३ च्या कॅडिलॅकवर तीन खांब उभे केले आणि त्यांना पुली नि साखळी अडकवली. रस्त्यावर बंद पडलेल्या गाड्या उचलून नेणाऱ्या ट्रकची गोष्ट सहसा इथून सुरू करतात.

मला त्यांच्या धंद्याची अक्कल जास्त मोलाची वाटते. होम्स यांनी ट्रक विकला नाही, ट्रकच्या पाठीवरचं सामान विकलं. चासी गिऱ्हाइकानं आणायची, तिच्यावर होम्स यांची क्रेन बसवायची. त्यांच्या '४८५' या मॉडेलच्या नावातला आकडा म्हणजे चक्क त्याची डॉलरमधली किंमत. पुढची शंभर वर्षं हीच रीत चालली. चासी झिजली की क्रेन काढायची आणि नव्या चासीवर चढवायची.

होम्स यांची खरी करामत जोड-बूमची, म्हणजे क्रेनला एकाऐवजी दोन हात (बूम) बसवायची. एकच बूम असेल आणि दरीतला ट्रक बाजूनं ओढायला गेलं, तर ओढणारी गाडीच कलंडते. दोन बूम असले की एक उलट्या बाजूला वळवून त्याचा वायररोप एखाद्या भक्कम झाडाला बांधायचा आणि दुसऱ्यानं ओढायचं. दोन्ही बाजूंचा ताण एकमेकांना तोलतो. दुसऱ्या महायुद्धात डायमंड टी ९६९ या तीन आसांच्या ट्रकवर होम्स डब्ल्यू-४५ ही जोड-बूम क्रेन बसवली गेली आणि असे हजारो ट्रक सैन्याबरोबर फिरले. युद्ध संपल्यावर ब्रिटनमधल्या गॅरेजवाल्यांनी सैन्यानं मोडीत काढलेले एईसी मॅटाडोर घेतले आणि त्यांच्यावर हवी ती क्रेन लावून कित्येक वर्षं धंदा केला.

पण उचलणं वेगळं आणि ओढून नेणं वेगळं. क्रेनला उंची हवी, पाय फाकवून उभं राहायला रुंदी हवी. ओढताना मात्र ओझं खाली आणि ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या आसाच्या जितकं जवळ तितकं बरं. नाहीतर तिची पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हाती राहत नाही. त्यातच ट्रकच्या तोंडाला फायबरचे बंपर आले. साखळीनं टांगून नेलं की नुकसानभरपाईचं बिल टोइंगच्या बिलाहून मोठं. म्हणून अंडरलिफ्ट आली. लोखंडी हात गाडीखाली सरकवायचा आणि थेट आसाला धरून उचलायचं.

यातून दोन वाटा फुटल्या. एक रोटेटरची. त्याची क्रेन गोल फिरते, ७५ टनीसुद्धा असू शकते, आणि अंडरलिफ्टही त्याच गाडीला असते. अशा गाड्या बांधणारी मिलर इंडस्ट्रीज ही कंपनी चॅटनूगाच्याच परिसरातली. होम्स हे नावही आज तिच्याकडेच आहे. दिसायला रोटेटर रुबाबदार, पण किंमत अफाट आणि मोठा अपघात नसेल तेव्हा नुसता उभा. दुसरी वाट झॅकलिफ्टसारख्यांची. ट्रेलर ओढणाऱ्या साध्या घोड्याच्या फिफ्थ व्हीलवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या चकतीवर, अंडरलिफ्टचा सांगाडा बसवायचा, काम झालं की उतरवायचा, आणि घोडा पुन्हा ट्रेलरला जुंपायचा. दरीतून ट्रक वर काढणं याच्यानं होत नाही, हे खरं. पण बंद पडलेला ट्रक घेऊन जाणं हे रोजचं काम असतं, आणि ते होतं. नेण्याआधी बंद ट्रकचा प्रोपेलर शाफ्ट काढायचा, कारण इंजिन बंद असताना गिअरबॉक्समध्ये तेल नीट फिरत नाही आणि नुसती चाकं फिरली तरी दाते जळतात. मग त्याला हवेची नळी जोडायची. हवा भरल्याशिवाय त्याचे स्प्रिंग ब्रेक सुटत नाहीत. एवढं झालं की निघायचं.

आपल्याकडे लष्कराजवळ टाट्रा चासीवरच्या रिकव्हरी गाड्या आहेत. घाटात मात्र कंटेनर आडवा झाला की बहुधा दोन हायड्रा क्रेन येतात. खरं तर हायड्रा कारखान्याच्या आवारात माल उचलून चार पावलं पुढं ठेवायला बनलेली. ती कंटेनर उभा करते. पण त्याला घाटाखाली नेणं तिचं काम नव्हे. मोठे रोटेटर आणायचे तेव्हा आणू. तोवर घोड्यावर चढवायचे अंडरलिफ्टचे सांगाडे घाटाच्या दोन्ही टोकांना ठेवावेत, असं माझं मत. घोडे आपल्याकडे ढिगानं आहेत.