घाटात बोलणारं इंजिन
पनवेलच्या सपाटीवर मुकाट धावणारी गाडी बोरघाटात धापा टाकते, तेव्हा स्टिअरिंगखालच्या 16 पिनांच्या सॉकेटला लॅपटॉप जोडून चढावरच नोंद घ्यावी (लॅपटॉप शेजारच्याने सांभाळावा, चालकाने नव्हे). लॅपटॉपवर दिसणारा फॉल्ट कोड तक्रार सांगतो, कारण नव्हे. ‘मिश्रणात पेट्रोल कमी’ हा कोड फाटक्या नळीतून हवा शिरल्यानेही येतो आणि दमलेल्या इंधनपंपानेही. नोंदीत फरक दिसतो: गाडीच्या संगणकाची इंधनभरपाई (कमी पडलेलं पेट्रोल भरून काढायला दिलेलं जादा पेट्रोल) आयडलिंगला जास्त, भार वाढताच कमी, तर हवागळती; उलट असेल, तर संशय पंपावर किंवा तुंबलेल्या फिल्टरवर. मुरलेल्या मेकॅनिकचा कान पुरत नाही? खडखडीला पुरतो; गुपचूप वाढलेली 15 टक्के भरपाई त्याला कशी ऐकू येणार? अर्थात आकडे सेन्सरचेच. तोच बिघडला तर लॅपटॉपही फसतो, म्हणून पंप बदलण्याआधी प्रेशर गेज लावावाच.